आधी पाणी, मग नाव

(देवरूख येथे १८ डिसेंबरला झालेल्या युवक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, आजच्या तारखेला दोन नावं आहेत. आपल्या देशात १८ डिसेंबर हा अल्पसंख्याक हक्क दिन म्हणून पाळतात. तुमच्या पत्रिकेवरही तेच छापलं आहे. पण जगात हाच दिवस आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन आहे. परदेशी जाऊन राबणारे कामगार आणि त्यांची बायकापोरं यांच्या हक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९९० रोजी मंजूर केला, म्हणून ही तारीख. भारतानं तो करार अजून स्वीकारलेला नाही.

१९९० हे साल लक्षात ठेवा. आज मी त्याच वर्षाबद्दल बोलणार आहे. अल्पसंख्याक म्हणून आपल्याला काय मिळायला हवं, यावर आपण वर्षभर बोलतोच. आज थोडं उलट बोलू. आपल्याच घरातली माणसं एकदा परक्या देशाच्या फाटकावर उभी होती. त्यांना तिथं काय मिळालं, काय मिळालं नाही आणि त्यातून आपण काय शिकलो, हा माझा विषय.

मी वकील नाही, पुढारी नाही. शाळेत शिकवतो. त्यामुळे सवयीनं मध्येमध्ये प्रश्न विचारीन, सांभाळून घ्या.

पहिला प्रश्न. इथं बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरातलं कुणी १९९० साली कुवेतमध्ये होतं? हात वर करा... बघा. मागच्या रांगेत अजून दोन हात आहेत. आता दुसरा प्रश्न. तुमच्यापैकी किती जणांनी त्या माणसाला बसवून विचारलं, की तुम्ही परत कसे आलात?

एकही हात नाही. मीसुद्धा फार उशिरा विचारलं.

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार. मी दहा वर्षांचा होतो. मोहरमचे दिवस होते. पाऊस धो-धो पडत होता. चाचा बाजारातून आले ते भिजलेलेच ओटीवर बसले आणि म्हणाले, "रेडिओ लावा. इराक कुवेतमध्ये घुसलाय." अब्बा तेव्हा कुवेतमध्ये एका गॅरेजमध्ये कामाला होते. दर महिन्याला पत्र यायचं, दोन-तीन महिन्यांनी ड्राफ्ट. त्या दिवसापासून पत्र बंद, ड्राफ्ट बंद, फोन बंद. फोन म्हणजे काय, तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा आणि ताटकळत बसायचं. पोस्टातले कर्मचारी बिचारे रोज सांगायचे, लाइनच लागत नाही.

घरात पाच आठवडे रेडिओ हेच एक काम होतं. दादी जानमाजवरून उठायची ती थेट रेडिओजवळ येऊन बसायची. अम्मीनं डाळ-तांदळाचं मोजमाप बदललं, ते आम्हा मुलांनाही कळलं. वाण्यानं मात्र उधारीची वही बंद केली नाही. आमच्या एका घरात हे चाललं होतं, तसं संगमेश्वर तालुक्यात आणि खाली खाडीकाठच्या गावागावांत चाललं होतं. कोकणातल्या मुसलमान घरांची एक पिढीच्या पिढी आखातातल्या पगारावर उभी होती. चिऱ्याचं घर, बहिणीचं लग्न, पोरांची फी, सगळं तिथूनच यायचं. एका रात्रीत ते थांबलं.

आता अब्बांच्या बाजूनं पाहू. त्या काळी कुवेतमध्ये १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीय होते. त्यातल्या असंख्य कामगारांचे पासपोर्ट त्यांच्याकडे नव्हते, मालकाकडे होते. कफील म्हणजे मालक-जामीनदार. तो पासपोर्ट ठेवून घेणार, ही तिथली रीत. अब्बांचा मालक उन्हाळ्याच्या सुट्टीला परदेशी गेला होता आणि पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलूपबंद. म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा अब्बांच्या हातात आपण कोण हे सांगणारा एकही धड कागद नव्हता. खिशात कुवेती दिनार होते. इराकनं आधी ते इराकी दिनाराच्या बरोबरीचे ठरवले, मग रद्दच करून टाकले. दोन वर्षांची पुंजी, आणि तिच्यात पाव येईना.

समुद्राचा रस्ता बंद होता, विमानतळ बंद होता. उरला खुष्कीचा मार्ग. कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद, बगदादहून पश्चिमेला वाळवंटातून जॉर्डनची सीमा आणि तिथून राजधानी अम्मान. हजार मैलांच्या आसपासचा रस्ता, ऑगस्टचं ऊन. अब्बा आणि आणखी काही जण मिळून एका बसमध्ये बसले. बगदादमध्ये आपल्या वकिलातीबाहेर दोन दिवस रांगेत काढले. तिथल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "पासपोर्ट?" अब्बा म्हणाले, "नाही." "गाव?" "देवरूख, जिल्हा रत्नागिरी." एवढ्यावर आणि सोबतच्या दोघांच्या शब्दावर त्यांना परतीच्या प्रवासाचा एक कागद मिळाला. तो कागद अजून आमच्या घरी आहे. घडीवर फाटला आहे, पण आहे.

सीमेवर मात्र कागद असूनही थांबावं लागलं. इराकची चौकी ओलांडली की जॉर्डनची चौकी लगेच येत नाही. मध्ये मैलोन्मैल वैराण पट्टा आहे, कुणाचाच नसलेला. पलीकडे रुवेशिद नावाचं जॉर्डनचं गाव. त्या पट्ट्यात हजारो माणसं अडकली होती. इजिप्तचे, बांगलादेशचे, श्रीलंकेचे, फिलिपिन्सचे, आपले. जॉर्डन छोटा देश, पाण्याला आधीच तुटलेला. अम्मानमध्ये माणसं साचत होती आणि न्यायला पुरेशी विमानं नव्हती. शेवटी ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात जॉर्डननं सीमा बंद केली. थोड्याच दिवसांसाठी. पण उघड्या वाळवंटात "थोडेच दिवस" म्हणजे किती, ते तिथं असणाऱ्यालाच कळतं. अब्बा नेमके त्याच दिवसांत तिथं पोचले.

ते सांगायचे, फाटकावरचा शिपाई काही राक्षस नव्हता. तरणाताठा पोरगा होता. हात जोडून सांगायचा, हुकूम नाही. रात्री थंडी, दिवसा भट्टी. विंचू निघायचे म्हणून माणसं झोपायला घाबरायची. पाण्याचा टँकर आला की झुंबड उडायची आणि अशक्त माणूस मागे राहायचा. एका टँकरवर एक म्हातारा होता, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यानं आपली एक रीत ठेवली होती. लहान पोरं आणि बायका आधी, मग बाकीचे. कुणाची ओळख विचारायचा नाही. एकदा एका वहीवाल्या माणसानं त्याला अडवलं, आधी नावं लिहू, मग पाणी वाटू. म्हातारा ओरडला, "आधी पाणी, मग नाव!" अब्बांना अरबी कामापुरतीच यायची, पण हे वाक्य त्यांच्या डोक्यात कायमचं बसलं.

पुढचं तुम्ही सिनेमात पाहिलं आहे. २०१६ साली 'एअरलिफ्ट' आला. खरा इतिहास असा की १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर १९९० या काळात अम्मानहून मुंबईला एअर इंडियाची ४८८ उड्डाणं झाली आणि १ लाख ११ हजारांहून जास्त माणसं परत आली. नागरी विमानांनी माणसं हलवण्याचा एवढा मोठा प्रकार त्याआधी जगात झाला नव्हता. पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल स्वतः बगदादला जाऊन सद्दाम हुसेनना भेटले. त्या भेटीतल्या गळाभेटीवरून त्यांच्यावर खूप टीका झाली, पण आपली माणसं बाहेर काढायची होती. विमानात बसवताना कुणी धर्म विचारला नाही, राज्य विचारलं नाही. अब्बांच्या शेजारच्या खुर्चीवर केरळचा ख्रिश्चन होता, पलीकडे आंध्रचा हिंदू सुतार. ही आपल्या देशाची अभिमानाची गोष्ट आहे आणि ती आपण छाती काढून सांगितली पाहिजे.

पण सिनेमा विमान दाखवतो. मला फाटक दाखवायचं आहे. जॉर्डननं ते फाटक पुन्हा उघडलं नसतं, तर अम्मानच्या धावपट्टीवर ती विमानं रिकामी उभी राहिली असती. आणि गंमत बघा, निर्वासितांबद्दलचा जगाचा जो १९५१ चा करार आहे, त्यावर जॉर्डनची सही तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. म्हणजे कुठल्या कराराची सक्ती नसताना एका अडचणीतल्या देशानं लाखो परक्यांना आत घेतलं. फाटक बंद केलं तेव्हाही कारण खरं होतं. पाणी नव्हतं, जागा नव्हती. मी त्यांना दोष देत नाही. मी फक्त एवढंच सांगतो की फाटक उघडलं म्हणून मला बाप परत मिळाला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून येणाऱ्या एसटीतून अब्बा देवरूखच्या स्टँडवर उतरले. हातात प्लास्टिकची एक पिशवी. मी त्यांना ओळखलं नाही.

आता एक गोष्ट, जी अब्बांनी मला फार उशिरा सांगितली. मी कॉलेजात असताना एकदा सहज म्हणालो, "म्हणजे तुम्ही निर्वासित होतात." ते चिडले. म्हणाले, "मी निर्वासित नव्हतो. मला देश होता." मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "निर्वासित तो होता."

तो म्हणजे त्यांच्याच गॅरेजमधला पॅलेस्टिनी सोबती. मूळ गाझाचा. त्या वेळी कुवेतमध्ये चार लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी होते, कित्येकांचा जन्मच तिथला. ज्यांच्याकडे जॉर्डनचा पासपोर्ट होता ते जॉर्डनला गेले. पण गाझातल्या अनेकांकडे इजिप्तनं दिलेला नुसता प्रवासाचा दाखला होता. तो दाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर इजिप्तही सहज आत घेईना. अब्बांच्या त्या सोबत्याकडे तोच दाखला होता. अब्बांचा कागद बगदादमध्ये हातानं लिहिलेला, त्याचा दाखला छापील, शिक्क्यांनी भरलेला. फाटक उघडलं तेव्हा हातानं लिहिलेला कागद चालला आणि छापील चालला नाही. कारण अब्बांच्या कागदामागे एक देश उभा होता, त्याच्या दाखल्यामागे कुणी नव्हतं. तो मागेच राहिला. त्याचं पुढं काय झालं, हे अब्बांना मरेपर्यंत कळलं नाही.

मित्रांनो, ज्याला परत जायला घर आहे आणि ज्याला नाही, या दोघांतला फरक या एका प्रसंगात आहे. आपल्या घरांनी १९९० साली पहिल्या प्रकारचं दुःख भोगलं. दुसऱ्या प्रकारचं फक्त जवळून पाहिलं. पण पाहिलं आहे. म्हणून "आम्हाला काय त्याचं" असं म्हणायची मुभा आपल्याला नाही.

याला जोडून आणखी एक. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली जिनिव्हात भरपाई आयोग नेमला. ज्याला २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात इराक किंवा कुवेत सोडून जावं लागलं, त्याला ठरावीक रक्कम. एकट्याला २,५०० किंवा ४,००० डॉलर, कुटुंबाला ५,००० किंवा ८,०००. इराकच्या तेलाच्या पैशातून. पैसे यायला वर्षं लागली, पण आले. आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या त्यातून झाल्या. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरीही ते फॉर्म भरले गेले असतील. त्यात काय गेलं, किती गेलं, याच्या पावत्या मागितल्या नव्हत्या. जीव घेऊन पळावं लागलं हेच नुकसान, असं जगानं मान्य केलं. हे तत्त्व आपल्या घराच्या भिंतींत चिणलेलं आहे. ते दुसऱ्याला लागू करताना आपला हात आखडू नये.

आता आजकडे येऊ.

आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. १९५१ च्या करारावर आपलीही सही नाही. परदेशी माणसाचं देशात येणं-राहणं आता १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्याखाली येतं. १९२०, १९३९, १९४६ आणि २०००चे जुने चार कायदे रद्द करून तो आणला. वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय देशात शिरलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता सांगा, कपाटात पासपोर्ट अडकलेला माझा बाप या कायद्यापुढे कोण ठरला असता? युद्धातून पळणारा की गुन्हेगार? कायदा याचं वेगळं उत्तर देत नाही. सूट मिळते ती सरकारी आदेशानं, ठरावीक गटांना.

ते गट कोणते? २०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन आहेत. मुसलमान नाहीत. २०२५ च्या आदेशानं याच समाजांपैकी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळामुळे आलेल्यांना कागद नसले तरी कारवाईतून सूट दिली. आपण या यादीवर रागावलो, आंदोलनं केली. राग योग्य होता. पण कशासाठी योग्य होता, हे नीट समजून घेऊ. तिकडून छळामुळे आलेल्या हिंदूला किंवा शिखाला आसरा मिळतो, यात चूक काहीच नाही. त्याला मिळायलाच हवा. तोही फाटकावर उभा राहिलेला माणूस आहे. चूक ही की आत घ्यायचं की नाही, ते त्याच्यावरच्या संकटावरून न ठरवता त्याच्या धर्मावरून ठरवलं.

आता हाच आरसा आपल्याकडे फिरवतो, राग मानू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये म्यानमारच्या लष्करानं गावंच्या गावं जाळली आणि सात लाखांहून जास्त रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशात आले. आपल्या मोहल्ल्यांत त्यांच्यासाठी दुआ झाल्या, वर्गण्या झाल्या. चांगलं झालं. १ फेब्रुवारी २०२१ ला त्याच म्यानमारमध्ये त्याच लष्करानं सत्ता बळकावली आणि चिन समाजाची माणसं तिआऊ नदी ओलांडून मिझोराममध्ये आली. तीस हजारांहून जास्त. ती ख्रिश्चन आहेत. त्यांच्यासाठी आपल्याकडे किती दुआ झाल्या? आपल्या किती ग्रुपवर एक ओळ तरी आली? लष्कर तेच, जाळपोळ तीच. म्हणजे आपलीही एक यादी आहे. फक्त ती राजपत्रात छापलेली नाही, एवढाच फरक.

मिझोरामची गोष्ट आपण शिकावी अशी आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय गृहखात्यानं सीमेवरच्या राज्यांना कळवलं, येणाऱ्यांना रोखा. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की ही आमची रक्ताची माणसं आहेत, आम्ही त्यांना परत ढकलू शकत नाही. गावागावांतल्या चर्चनी आणि तरुण मंडळांनी छावण्या उभ्या केल्या. राज्य छोटं, पैसा थोडा, तरी फाटक उघडं ठेवलं. नंतर नियम घट्ट झाले. म्यानमारला लागून १,६४३ किलोमीटरची सीमा आहे. दोन्ही बाजूंच्या लोकांना १६ किलोमीटर आत ये-जा करायची मोकळीक होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली. पुढे १० किलोमीटर आणि पास अशी पद्धत आली. देशाला आपली सीमा सांभाळायचा अधिकार आहे, हे मी मानतो. शस्त्रं येतात, अमली पदार्थ येतात, चौकशी हवीच. पण चौकशी करणं वेगळं आणि पाठीमागे गोळीबार चालू असताना माणसाला तिकडे परत ढकलणं वेगळं. त्या टँकरवाल्या म्हाताऱ्यानं वही फाडली नव्हती. नाव लिहू नका असं तो म्हणाला नाही. आधी पाणी, एवढंच म्हणाला.

हेच आपल्या न्यायालयांनीही आपल्या भाषेत सांगितलेलं आहे. राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये जीविताचा हक्क "व्यक्तीला" आहे, फक्त नागरिकाला नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं अरुणाचल प्रदेश सरकारला बजावलं की चकमा निर्वासितांच्या जिवाचं रक्षण करणं तुमचं काम आहे. १९९८ साली गुजरात उच्च न्यायालयासमोर दोन निर्वासित होते. कुठले, सांगा? इराकचे. जिथं जीव धोक्यात आहे तिथं माणसाला परत पाठवू नये, हे तत्त्व न्यायालयानं कलम २१ शी जोडलं. इराकमधून एकेकाळी आपली माणसं निसटली, आठ वर्षांनी इराकी माणसाला आपल्या न्यायालयानं हात दिला. पण सगळं असंच चाललं आहे असं नाही. ८ एप्रिल २०२१ ला जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं परत पाठवणी थांबवायला नकार दिला. योग्य प्रक्रियेशिवाय पाठवू नका, एवढं मात्र सांगितलं. म्हणून मी म्हणतो, आदेशांवर आणि एकेका निकालावर अवलंबून राहू नये. सर्वांना एकच कायदा हवा. ज्याच्यात माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल, मग निर्णय होईल.

ऐकून घेणं ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. मक्केतला छळ असह्य झाला तेव्हा पहिले मुसलमान हबशाला गेले, तिथल्या ख्रिश्चन राजाच्या आश्रयाला. कुरैशांचे दूत नजराणे घेऊन मागे आले, ही माणसं आमची आहेत, परत द्या. नज्जाशीनं काय केलं? आधी त्या माणसांचं म्हणणं ऐकलं. मग नजराणे परत पाठवले. चौदाशे वर्षं आपण ही गोष्ट सांगतो आहोत. त्यात आपण फाटकाच्या बाहेर होतो आणि आत घेणारा दुसऱ्या धर्माचा होता, हे विसरू नये.

तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं सीमेवरचं. देवरूखला सीमा कुठली? आहे. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही कामगारांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं गेलं. ते भारतीय निघाले. त्यांच्या राज्यानं कागद दाखवले, मग त्यांना परत आणावं लागलं. नियम घट्ट होतात आणि ऐकून घ्यायची पायरी गळते, तेव्हा आपलाच नागरिक त्या कुणाच्याच नसलेल्या पट्ट्यात जाऊन पडतो. आज आपल्या भागात बांधकामावर बंगाली बोलणारी पोरं आहेत, आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत. ती आपल्या दारात उभी असतात. त्यांच्याकडे संशयानं बघणाऱ्यांत आपणही आहोत. खोली भाड्यानं देताना, मजुरी बुडवताना, चहाच्या टपरीवर थट्टा करताना. कुवेतमध्ये आपल्या बापांना तसं कुणी वागवलं तर आपल्याला कसं वाटायचं?

शेवटी तीन कामं सांगतो. शिक्षक आहे, गृहपाठ दिल्याशिवाय सोडणार नाही.

पहिलं. या महिन्याभरात घरातल्या त्या माणसाजवळ बसा, ज्यानं १९९० पाहिलं. मोबाईल बाजूला ठेवू नका, त्यातच आवाज टिपून घ्या. कुठल्या रस्त्यानं आलात, कुणी पाणी दिलं, कोण मागे राहिलं, हे विचारा. ही माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. माझे अब्बा गेले, आणि मी विचारायचे निम्मे प्रश्न राहून गेले.

दुसरं. जुने कागद टाकू नका. तो फाटका प्रवासाचा दाखला, भरपाईच्या फॉर्मची प्रत, बंद झालेले दिनार. कोकणातल्या मुसलमानांनी काय भोगलं आणि देशानं त्यांच्यासाठी काय केलं, याचा तो पुरावा आहे. दोन्हींचा पुरावा आहे.

तिसरं आणि अवघड. पुढच्या वेळी कुठल्याही सीमेवरून माणसं पळत येताना दिसली, की ती कोण आहेत हे बघण्याआधी ती कशापासून पळताहेत हे बघा. बांगलादेशातून जीव मुठीत धरून आलेला हिंदू असो, म्यानमारचा चिन असो, रोहिंग्या असो. तिघांसाठी एकाच आवाजात बोला. तसं बोललो तरच आपल्या मागणीला वजन येईल. नाहीतर आपण फक्त आपली यादी त्यांच्या यादीसमोर धरतो आहोत, असंच लोक म्हणतील आणि ते खरं असेल.

अब्बा पुन्हा कधी परदेशी गेले नाहीत. इथंच गॅरेज काढलं. दुपारच्या वेळी कुणी दारात आलं, फेरीवाला असो की वर्गणी मागणारा, की ते आतून आवाज द्यायचे, "गूळ-पाणी दिलंत का?" अम्मी म्हणायची, "अहो, कोण आहे ते तरी विचारू द्या." ते म्हणायचे, "विचारा की. पाणी पिताना विचारा."

बस, मला एवढंच सांगायचं होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि मागच्या रांगेतले ते दोन हात, तुम्ही कार्यक्रम संपल्यावर मला भेटल्याशिवाय जाऊ नका. तुमच्या घरातली गोष्ट मला ऐकायची आहे.